बियाण्याला दाखवलेलं ऊन

"ताई, यंदा पेरणीले तू ये. बायच्या जागी," असा सुदामचा फोन आला आणि मी वर्ध्याहून निघाले. सुदाम माझा धाकटा भाऊ. बाय म्हणजे आमची आई; तिला जाऊन दोन वर्षं झाली.

सकाळची एसटी धरावी. बायकांना अर्धं तिकीट. कळंबला उतरून चिंतामणीचं दर्शन घेतलं; पायऱ्या उतरून खाली जावं लागतं, गुडघे दुखत असतील तर सावकाश. पोळी-भाजी घरूनच नेली होती. पुढे यवतमाळला गाडी बदलून आर्णी, माझं माहेर. लहानपणी हा सगळा रस्ता मी बायच्या मांडीवर झोपून काढायची.

सुदामला प्रयोगासाठी जिवाणूंचं एक पाकीट मिळालं होतं. "खत टाकलं का वावरातून एक वायू उडते, त्यानं हवा तापते," तो सांगत होता. "हे जिवाणू मुळीच्या गाठीत राह्यतात अन् तो वायू खातात. झाडाले नत्र देतात, म्हून युरियाबी कमी लागते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गूळपाण्यात जिवाणू कालवून सोयाबीनच्या बियाण्याला हलक्या हातानं चोळले, पडवीत पसरले. सुदाम ट्रॅक्टर आणायला गेला. बाय पेरणीआधी बियाण्याला ऊन दाखवून हात जोडायची. मीही अर्धं बियाणं अंगणात नेलं, कुंकू वाहिलं आणि तिथंच स्तोत्र म्हणत बसले.

सुदाम परतला तोवर ऊन चांगलंच चढलं होतं. "ताई, उन्हात काहून ठेवलं? मरतीन ना ते जिवाणू."

"बाय ठेवायची."

"सासूबाईचीच रीत हाय," वहिनी आतून म्हणाली. "त्यायले बोलले असते का तुमी?"

"बोललो असतो."

"मंग रातच्याले उपाशी झोपले असते."

पाकीट एकच होतं, पुन्हा चोळायला काही उरलं नव्हतं. माझं बियाणं त्यानं धुऱ्याकडच्या तासांत, बांधालगतच्या ओळींत, वेगळं पेरलं. ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. परतीच्या गाडीत माझ्या तोंडी एकच मागणं होतं, गाठी येऊ दे.

महिन्यानं फोन आला. त्याच्या तासांतली झाडं उपटली तर मुळ्या गाठींनी भरलेल्या, गाठी फोडल्या की आत गुलाबी, म्हणजे जिवाणू कामाला लागलेले. माझ्या तासांत कुठंकुठं एखादी.

"तिकडं युरिया द्या लागीन," तो म्हणाला. पुढे म्हणाला, "बाय ऊन कायले दाखवे, माहीत हाय का तुले? बियाण्यातले किडे मराले."

मी दर उन्हाळ्यात तूरडाळ त्याचसाठी गच्चीवर टाकते. बायचे जोडलेले हात मात्र मी इतकी वर्षं जपले, आणि ती ऊन कशासाठी दाखवते, हे तिला एकदाही विचारलं नाही.