वरबोट्या, चहाउत्तर आणि इंदुकाकी

ग्रामसभेत तालुक्याचे साहेब बोलायला उभे राहिले की इंदुकाकी बायकांच्या पहिल्या रांगेत पदराचं टोक दातांत धरून बसत. भाषण जरा लांबलं की त्या पदर सोडत, शेजारणीकडे झुकत आणि एकच शब्द टाकत. तो शब्द रांगेरांगेतून मागे जाई आणि मागून हसू पुढे येई. साहेबांना वाटे, भाषण रंगलं.

ते शब्द काकींच्याच डोक्यातले. प्रत्येक प्रश्नाला 'वरून मंजुरी यायची आहे' म्हणत बोट आभाळाकडे करणारा, तो 'वरबोट्या'. पाण्याच्या टाकीचं विचारल्यावर 'अरे, आधी चहा आणा' म्हणणं, हे 'चहाउत्तर'. काम पुढच्या वर्षावर ढकललं गेलं की काकी म्हणत, "पुढललं गं बाय, पुढललं!"

वेल्ह्याच्या एसटीत एकदा एक अनोळखी माणूस कंडक्टरला म्हणाला, "वरबोट्यावानी बोलू नकोस." मी काकींच्या शेजारीच राहतो; घरी येताच त्यांना ते कौतुकानं सांगितलं. त्या तांदूळ पाखडत होत्या.

"लोकं हसत्यात आन् उठून जात्यात," त्या म्हणाल्या. "पानी कुटं आलं, सुनील?"

सरपंचपद बाईसाठी राखीव झालं तेव्हा गावानं त्यांनाच उभं केलं, निवडून दिलं. गावाची एक वाडी वर डोंगरात होती, शेळ्या-गुरं पाळणाऱ्यांची. तिचा रस्ता दर निवडणुकीत 'होणार' असायचा. काकींनी तोच धरला. कितीदा तरी वेल्ह्याला तालुक्याच्या कचेरीत गेल्या, बाकावर बसून राहिल्या. शेवटी एका कारकुनाला दया आली. तो म्हणाला, जमीन जंगलखात्याची, प्रस्ताव केव्हाच फेटाळलाय. तुम्हाला कुणी सांगितलं नाही इतकंच.

पुढच्या ग्रामसभेत काकी उभ्या राहिल्या. पदर हातात घट्ट धरलेला. "वाडीला रस्ता व्हनार न्हाई," म्हणाल्या. "कवाच नामंजूर झालाय. पोरांच्या शाळेसाटी खाली यायचं आसंल तर गावठाणात जागा मागू, म्या संगं येते. पर रस्त्याची वाट बगू नका."

कुणी हसलं नाही. वाडीचे धोंडीबा काठी टेकत उठले. वाडीतलं सगळ्यांत थोरलं माणूस. "सरपंचबाई," ते म्हणाले, "तुमी नुसतं 'बघू' म्हनायचं व्हतं." आणि चालू लागले. वाडीची माणसं त्यांच्या मागोमाग गेली.

गावठाणात जागा द्यायला गाव तयार झालं नाही. वर्षभरात तरणी जोडपी कामाला भोरकडं, शिरवळकडं पांगली. वाडीवर म्हातारी माणसं आणि कुत्री उरली. सगळे म्हणू लागले, बाईनं वाडी मोडली. अविश्वासाचा ठराव आला तेव्हा वाडीच्या सदस्यानं सगळ्यांच्या आधी हात वर केला. काकींचं पद गेलं.

त्यानंतर काकी ग्रामसभेला गेल्या नाहीत. नवा शब्दही काढला नाही. एकदा त्या गोठ्यात धार काढत असताना मी म्हणालो, "काकी, तुम्ही खरं तेच सांगितलंत."

"व्हय," त्या म्हणाल्या. म्हशीच्या अंगाला डोकं टेकवून धार काढत राहिल्या. "लोकं काय खुळी न्हाईत. त्यास्नी ठावं आसतं समदं. पर उद्याचं कायतरी लागतं मानसाला. म्या त्ये काडून घेतलं आन् हातावर काय ठेवलं? काय न्हाई."

गेल्या भादव्यात त्यांच्या पोटाचं दुखणं निघालं. पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टर 'सुधारणा आहे' म्हणत आणि काकींचा मुलगा प्रकाश त्यांच्या मागून तेच म्हणे. एका दुपारी प्रकाश औषधं आणायला खाली गेला तेव्हा काकींनी माझं मनगट धरलं. हात हलका झाला होता, पण पकड जुनीच.

"सुनील, म्या बरी व्हनार हाय का?"

प्रकाशनं मला आदल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. मी खिडकीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "न्हाई, काकी."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "मंग हितं कशाला ठिवलंय? घरी न्या."

टेम्पोत गादी घालून आम्ही त्यांना घरी आणलं. भातकापणी चालू होती. ओटीवर खाट टाकली, तिथून खाचरं दिसत. चौथ्या दिवशी दुपारी, सगळे शेतात असताना, त्या गेल्या.

'सुनीलनं सांगितलं त्या दिवसापासून आईनं औषध सोडलं' असं प्रकाश नातेवाइकांना सांगत असे. ते खरंच होतं. दहाव्याला गेलो तेव्हा त्यानं माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला, पण तोंडाकडं पाहिलं नाही. मी पाणी प्यालो आणि घरी आलो. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे; तो अजून माझ्याशी बोलत नाही.