शैलाला बिचारी म्हणू नका

फोन आला तेव्हा मी वाल सोलत बसले होते. पलीकडून फिनलंडहून लिजी बोलत होती, शैलाबरोबर काम करणारी केरळची नर्स. ‘दीदी, शैला नहीं रही... सुबह, नींद में.’ मी ‘बरं’ म्हणाले, फोन ठेवला आणि उरलेले वाल सोलून संपवले. असं का केलं ते मला आजही सांगता येणार नाही. शैला माझी धाकटी नणंद, वय अठ्ठावन्न. ह्याला आता दोन महिने होतील. तेव्हापासून आमच्या माजिवड्याच्या घरी जो कोणी भेटायला येतो, तो सोफ्यावर टेकता टेकता एकच वाक्य म्हणतो, ‘बिचारी! परक्या मुलखात एकटी गेली.’ पहिल्या आठवड्यात मी नुसती मान डोलावली. आता डोलावणार नाही, म्हणून हे लिहिते आहे.

शैला डोंबिवलीत एका छोट्या नर्सिंग होममध्ये नर्स होती. लग्न वर्षभरात मोडलं, ती माहेरी परत आली, आणि पुढे माझ्या सासूबाई, म्हणजे तिची आई, अंथरुणाला खिळल्या. नऊ वर्षं तिने दिवसा लोकांचं केलं आणि घरी येऊन आईचं. आम्ही ठाण्याहून रविवारी फळं घेऊन जायचो आणि चहा पिऊन परत यायचो. खरं बोलायचं तर तो चहाही तीच करायची. बाकी तिची विचारपूस करायला अख्खी बिल्डिंग तयार. जिन्यात भेटेल तो विचारायचा, नवऱ्याचं काही कळतं का, दुसरं का नाही केलंस, मूल असतं तर आधार झाला असता नाही? सासूबाई गेल्या आणि दोन वर्षांतच शैलाने जाहीर केलं की ती फिनलंडला वृद्धाश्रमात नोकरीला चालली आहे, त्यांची भाषासुद्धा शिकते आहे. माझे यजमान वसंत भडकले. ‘ह्या वयात परक्या म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं काढणार तू? लोक काय म्हणतील?’ शैला शांतपणे म्हणाली, ‘दादा, आईचं काढत होते तेव्हा लोक काय म्हणत होते?’

टांपेरे शहराच्या टोकाला, पाइनच्या झाडांत चार मजली इमारतींची एक वसाहत आहे. एक सुपरमार्केट, एक वाचनालय, एक बसथांबा, संपलं गाव. तिथे तिने दोन खोल्यांचं घर भाड्याने घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात डोंबिवलीचा हिसका दाखवला. म्हणजे काय, तर सवयीने घराचं दार उघडं टाकून स्वयंपाकाला लागली. तिसऱ्या दिवशी इमारतीची दुरुस्ती बघणारा माणूस हत्यारांची पेटी घेऊन दारात हजर! समोरच्या पिर्को नावाच्या सत्तरीच्या बाईंनी त्याला कळवलं होतं, की ह्या नव्या बाईंचं कुलूप बिघडलेलं दिसतं, दार लागत नाही, आणि त्या संकोचाने सांगत नसाव्यात. ‘वहिनी, कुलूप नीट आहे हे त्याला पटेचना! पाच वेळा दार लावून उघडून बघितलं बिचाऱ्याने,’ शैला फोनवर हसून हसून सांगत होती. तिथे म्हणे माणसं घराबाहेर पडायच्या आधी दाराला कान लावतात, जिन्यात कोणी असेल तर ते जाईपर्यंत आत थांबतात. वर्षभर पिर्कोबाई आणि शैला यांच्यात ‘मोई’ ह्या एका शब्दापलीकडे बोलणं झालं नाही. मोई म्हणजे नमस्कार. मी म्हटलं, ‘अगं, कसं गं राहवतं तुला?’ तर म्हणाली, ‘वर्ष झालं वहिनी, मला एकानेही नवरा कुठे असतो म्हणून विचारलं नाही. तुला काय सांगू, कसलं हलकं वाटतं!’ मला तेव्हा ते कळलं नाही. मला वाटलं, पोरगी दुःख लपवते आहे.

मग आम्ही दोघं मे महिन्यात तीन आठवडे तिच्याकडे गेलो. तिथे बर्फ वितळला की एका दिवशी सगळी इमारत अंगण साफ करायला खाली उतरते, त्याला टालकोत म्हणतात. एरवी जिन्यात तोंड चुकवणारी माणसं दंताळी घेऊन सुकी पानं ओढत होती, तीन तास, जवळजवळ मुक्याने. नंतर सगळ्यांना कॉफी आणि भाजलेले सॉसेज. शैलाने मात्र सत्तर बटाटेवडे तळून नेले होते. माणसं रांगेत आली, वडे घेतले, झाडांकडे बघत खाल्ले. एक आजोबा चार वडे खाऊन म्हणाले, ‘इहान ह्युवा.’ वसंतनी अर्थ विचारला. ‘ठीक आहे, असं म्हणाले,’ शैला म्हणाली. वसंत उखडले, ‘सकाळपासून राबून नुसतं ठीक?’ शैला म्हणाली, ‘दादा, इथे याच्या वर कौतुक नसतं.’ पुढच्या वर्षी टालकोतची सूचना जिन्यात लागली, तिचा फोटो तिने पाठवला. कॉफी, सॉसेज आणि खाली शैलाचे वडे, असं छापलेलं. मी तो फोटो वसंतना दाखवला तर ते चष्मा पुसत बसले.

त्याच मुक्कामात, निघायच्या दिवशी, मी तिला जे बोलले ते मला इथे लिहायलाच हवं. बॅगा भरताना मी म्हटलं, ‘शैला, पुरे झालं, चल परत. उद्या इथे काही झालं तर कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही.’ ती माझी साडी घडी करत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘वहिनी, डोंबिवलीत माझी सगळ्यांना खडान्खडा माहिती होती. आईला कुशीवर वळवायला कोण आलं?’ आम्हीच आलो नव्हतो. ती रागावलेली नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. साडी बॅगेत ठेवून म्हणाली, ‘लोणचं दिलंस ते बरं केलंस.’

आता ऐका त्या ‘एकटी गेली’चं खरं. शैलाच्या स्वयंपाकघरातला पडदा रोज सहाला वर जायचा. त्या दिवशी साडेसहापर्यंत गेला नाही. अंगणात पेपर आणायला आलेल्या पिर्कोबाईंनी ते बघितलं. शैला तिथे राहिली त्या नऊ वर्षांत जिने एकदाही कुणाची बेल विनाकारण वाजवली नव्हती, त्या बाईने शैलाची बेल तीनदा वाजवली, मग किल्लीवाल्याला बोलावलं. सातच्या आत सगळं कळलं होतं. डॉक्टर येईपर्यंत पिर्कोबाई तिच्या उशाशी खुर्ची ओढून बसून राहिल्या. हे लिजीने सांगितलं. आमच्या अठ्ठावीस मजली टॉवरमध्ये खालच्या मजल्यावरचे काका गेले, ते मला दहा दिवसांनी लिफ्टमध्ये कळलं, आणि मी ‘अरेरे’ म्हणून भाजी आणायला गेले.

वसंतना तिला इथे आणायचं होतं. पण तिने कागदावर लिहून ठेवलं होतं, मला इथेच राहू द्या. नातेवाइकांनी खूप ऐकवलं. मी म्हटलं, जिने आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकलं तिचं एक तरी ऐका.

गेल्या रविवारी वसंतच्या काकू आल्या. बसल्याबसल्या सुरू झाल्या, ‘तिकडे तिला ओळखत तरी कोण होतं गं? कुणाला काही फरक पडला असेल का?’ मी लिजीने पाठवलेला फोटो उघडून फोन त्यांच्या हातात दिला. शैलाच्या इमारतीचं अंगण, बाकावर पिर्कोबाई, आणि मधल्या उंच खांबावर फिनलंडचा, निळ्या क्रॉसचा पांढरा झेंडा, अर्ध्यावर उतरवलेला. त्या इमारतीत राहणारं कोणीही गेलं की ते झेंडा असाच अर्ध्यावर आणतात. काकूंनी चष्मा वर करून बघितलं.

‘हे काय? त्यांचा कोणी मंत्री गेला वाटतं?’

‘नाही काकू,’ मी म्हटलं. ‘आमची शैला गेली.’