आंबलं न्हाई, मुरलं

साळूबाई दारू गाळते, असं भोरातली निम्मी माणसं सांगतात. उरलेली निम्मी ते ऐकायला थांबतात. सगळ्यांत रंगवून सांगतो कुंडलिक शिंपी. डावा डोळा मिटून, 'स' सापासारखा सोडत: "रांजण हायेत परसात, दोन! तोंडाला फडकं. आन् वास्स येतो, वास्स!"

साफ खोटं. साळूबाई जांभळाचा शिरका करते, पोटदुखीवरचा, आंबटढाण. दारू गाळायला खाली जाळ लागतो. साळूबाईच्या परसात जाळ नाही, ऊन आहे. उत्रोलीकडून जांभळं येतात, रस रांजणात जातो, त्यात जुन्या शिरक्याचं विरजण पडतं आणि पुढं वर्षभर कुणी त्याला हात लावायचा नाही. पोट धरून आलेल्या माणसाला ती पळीभर शिरका देते आणि ओंजळभर शिव्या: "काय गिळलंवतंस रं मुडद्या, दगूड?" कुंडलिकालाही दिलाय. दोन्ही. विरजण तिच्या सासूच्या सासूनं लावलेलं. तेव्हापासून ते रांजण कधी पुरते रिकामे झालेले नाहीत.

शाळेच्या हस्तलिखितात यंदा 'आपल्या गावाचा वारसा' लिहायचा आहे. वर्गात एकट्या राजवाड्यावर सतरा लेख आलेत. राजवाडा कुणी पहारीनं फोडायला येत नाही, म्हणून मी साळूबाई घेतली.

दारूबंदीला वर्ष होत आलं होतं. चैत्रात एक दिवस सकाळीच दारूबंदीचे साहेब साळूबाईच्या परसात आले. मी तिथंच होते. बरोबर पहार घेतलेला शिपाई आणि पंच म्हणून कुंडलिक. साहेबांनी बोट बुडवून चाखलं आणि त्यांचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा झाला. बोलणं नाकातून, वाक्याच्या शेपटीला मधूनच 'काय'.

"आजी, ही दारू नाही, काय? पण तक्रार आली आहे, काय? मी लिहितो, 'जांभळाचा रस, आंबून खराब झालेला'. तुम्ही अंगठा करा. रांजण तुमचे तुम्हाला, काय?"

"खराब? शिरका हाय त्यो. शिरका लिवा."

"शिरका लिहायला पुण्याची तपासणी लागते. माझ्या कागदात रकाने दोनच. मादक, नाही तर खराब. मादक लिहिलं तर रांजण फोडावे लागतील."

म्हणजे चाखून कळलेलं लिहायला यांच्या कागदात जागा नाही! मला इतका संताप आला की साहेबांची नक्कल करायचंही सुचेना. पण रांजण वाचवायचे होते. मी तिच्या कानाशी लागले, "मावशी, करा की अंगठा. एका शब्दाचा तर प्रश्न आहे."

"आंबतं त्ये शिळं कालवण," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "ह्ये आंबलं न्हाई, मुरलं."

"पैज लावते. पहार उचलली की तुम्ही अंगठा कराल."

"आन् न्हाई केला तर?"

"तर वाटीभर शिरका पिईन. तोंड वाकडं न करता."

"ठरलं, मैने." माझ्या नकला ऐकून ती मला मैना म्हणते.

कुंडलिक मध्ये तोंड घालून म्हणाला, "कर की साळूबाई. तुजं काय जातंय?"

"माजं? माज्या सासूच्या सासूनं लावलेलं इरजान खराब म्हणून लिवून देऊ? तू आदी तुज्या आयला खराब म्हणून लिवून दे, मंग म्या करते अंगठा!"

कुंडलिकाचे दोन्ही डोळे मिटले.

शिपायानं पहार उचलली. साळूबाईनं अंगठा मुठीत घातला आणि मूठ पदराखाली. पहिला रांजण फुटला. जांभळा लोट तुळशीपर्यंत गेला, कोंबड्या ओरडत पळाल्या. "मावशी, दुसरा तरी वाचवा!" मी ओरडले. साहेबांनी शाईची डबी पुढं धरली. तिनं त्या डबीकडं बघितलंसुद्धा नाही. दुसरा फुटला.

"हट्टी आहात, काय? आता समन्स येईल, काय?" साहेबांनी 'मादक' लिहिलं, कुंडलिकानं खाली सही केली आणि तिघं गेले.

साळूबाई खापरांत बसली. दुसऱ्या रांजणाचं बूड शाबूत होतं, त्यात थोडा शिरका साचलेला. तिनं तो ओंजळीनं नव्या मडक्यात घेतला, अगदी शेवटचा थेंब निपटून. मडक्याला फडकं बांधायच्या आधी त्यातलाच वाटीभर काढून माझ्यापुढं धरला.

"मावशी, नको. विरजणाला ठेवा."

"इरजानापुरतं ऱ्हायलंय. पी. पैज म्हंजी पैज."

मी प्यायले. तोंड वाकडं झालंच. म्हणजे एकाच पैजेत मी दोनदा हरले.