आईच्या तेलाची डबी

मुलगी झाली तेव्हा आम्ही अमेरिकेत, अर्विंगला राहत होतो. बाळंतपणाला आई येणार होती, पण मुंबईत तिचा व्हिसा नाकारला. का, ते कोणी धड सांगितलं नाही. व्हिसाच्या खिडकीमागच्या माणसाचा मला अजून राग येतो.

आईऐवजी तिची डबी आली. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकाच्या सासूबाईंनी ती पुण्याहून आणली. आत खोबरेल तेलात कढवलेली हळद होती, बाळाच्या बेंबीला लावायला. हॉस्पिटलमधून निघताना नर्सनं बजावलं होतं, नाळ कोरडी ठेवा, काही लावू नका. मला ते पटलंही होतं. मी मायक्रोबायोलॉजी शिकलेली बाई. पण डबी उघडली आणि आईच्या हातांचा वास आला. दोन दिवस नुसता वास घेतला. तिसऱ्या दिवशी नवरा ऑफिसला गेल्यावर बोटभर तेल नाळेभोवती लावलं. वाटलं, आईच हात फिरवतेय. मग रोजच लावू लागले.

बेंबीभोवती लाली दिसली, ती हळद समजून मी पुसायला गेले. पुसून जाईना. संध्याकाळी पोरीला ताप आला, ती दूध ओढेना. चार दिवस हॉस्पिटलमध्ये काढले, तिच्या इवल्याशा हातात सुई.

"अगं, ड्राय ठेवायला सांगितलं होतं ना! तुला कळत नव्हतं का?" नवरा म्हणाला. कळत होतं.

पोरगी बरी होऊन घरी आली, तसा आईचा फोन आला. "तेल लावतेस ना गं?"

"हो. छान बसली बेंबी."

ती इतकी खूश झाली की खोटं बोलल्याचं मला काही वाटलं नाही.

दोन वर्षांनी फोनवर म्हणाली, "तुझ्या वहिनीला सातवा लागलाय. तेल कढवून ठेवलंय. तुझ्या लेकीला कसा गुण आला, सगळ्यांना सांगते मी."

मग नर्सनं बजावलेलं, ताप, सुई, चार दिवस, सगळं सांगून टाकलं.

आई म्हणाली, "तुला कळत होतं, तर लावलंस कशाला?"

"तू हवी होतीस म्हणून."

तिचं रडणं मला ऐकू येत होतं. शेवटी म्हणाली, "ओतून टाकते मी हे तेल. तुझ्या डबीत उरलंय का गं?"

"थोडं उरलंय."

"तेही टाक."

टाकते म्हणाले. नाही टाकलं.