शेवग्यावरचा दयाळ

श्रीरामपूरच्या दवाखान्यात मी वडिलांपाशी होतो, तेव्हा एक म्हातारा रोज उजाडताच आवारातल्या शेवग्याखाली येऊन उभा राहायचा. वर काळापांढरा दयाळ शेपटी उभारून शीळ घालायचा आणि हा टोपी काढून, ओठांचा चंबू करून तीच शीळ घालू बघायचा. सुरुवात जमायची, पुढं नुसती हवा.

एकदा मी विचारलं, तर म्हणाला, "मंडळी आत बेसुध हाय. डाक्टर म्हनत्यात, कानाशी नाव घेऊन हाक मारा. आवं, लगीन झाल्यापून 'अगं' म्हनूनच हाक मारली, आता नाव तोंडात येतंय व्हय? घरी ती रोज म्हनायची, 'उठा, दयाळ बोलला.' म्हटलं, ह्योच बोल शिकून तिला ऐकवावा."

बायकोचं नाव घ्यायला कसली लाज, असं मनात आलं. पण माझ्या वडिलांनी तरी आईचं नाव कधी घेतलं होतं?

एका पहाटे म्हाताऱ्याची बायको गेली. उजाडल्यावर म्हातारा तिच्या चपला हातात घेऊन शेवग्याखाली आला. दयाळ बोलत होता. वर न बघताच म्हाताऱ्यानं तिचं नाव घेऊन मोठ्यानं हाक मारली. दयाळ उडून गेला, तरी तो हाका मारतच राहिला.