टेम्पोत चढलेला ई-मेल

बिरादार सरांनी ई-मेल कंपन्यांची परीक्षा घ्यायची ठरवली, तेव्हा मी त्यांच्याच ऑफिसात बसून चहा पीत होते. आधी वाटलं, गंमत करताहेत. पण त्यांनी कोरा कागद पुढं ओढला आणि वरच्या कोपऱ्यात 'एकूण गुण' असं लिहिलं.

"निगेटिव्ह मार्किंग ठेवायचं का?" त्यांनी विचारलं.

"सर, त्या कंपन्या आहेत. विद्यार्थी नाहीत."

"म्हणूनच ठेवू. विद्यार्थी चुकून खोटं लिहितो. कंपनी ठरवून बोलते."

हे झालं लातूरला. मी नोकरीला होते नांदेडात, एका छोट्या इंटरनेट कंपनीच्या टेक्निकल सपोर्टला. सपोर्ट म्हणजे नेट बंद पडलं की बोलणी खायची आणि चालू झालं की कुणाच्या लक्षातही राहायचं नाही, ती नोकरी. मालक कोटलवार शेठ. मूळचे केबल टीव्हीवाले. छपरांवरून वायरी ओढता ओढता त्यांनी शेजारून इंटरनेटची वायर सोडली आणि लातूरपर्यंत पोचले. सुरुवातीला गिऱ्हाईक जमावं म्हणून प्रत्येक कनेक्शनवर एक ई-मेल पत्ता फुकट द्यायचे. पत्त्यात @ च्या पुढं आमच्या कंपनीचं नाव. लोकांच्या लेटरहेडवर आपलं नाव फुकटात छापून येतंय, याचा शेठना फार आनंद.

पुढं त्या आनंदाची डोकेदुखी झाली. ई-मेलसाठी एक सर्व्हर लागतो, म्हणजे कायम चालू ठेवायचा कॉम्प्युटर. आमचा सर्व्हर शेठच्या घराच्या मागच्या खोलीत होता. एखाद्या गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला की त्यातून जाहिरातींचे मेल सुटायचे, मग बाहेरच्या मोठ्या कंपन्या आमचा प्रत्येकच मेल संशयानं परत पाठवायच्या. शेवटी शेठ वैतागले.

"ज्योती, नेट विकणं आपला धंदा हाय. टपाल वाटणं न्हाई. बंद करून टाक."

मी सगळ्यांना नोटीस धाडली. इतक्या महिन्यांनी ई-मेल बंद होईल, तोवर दुसरीकडं सोय करा. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एका दाळमिलवाल्यांचा फोन आला. "आमचा ई-मेल हाय का?" मी म्हटलं, आहे. "मग करा बंद," म्हणाले.

एकट्या बिरादार सरांनी मला बोलावून घेतलं.

सर किल्लारीच्या बाजूचे. भूकंपानंतर लातूरला आले आणि पत्र्याच्या शेडमध्ये फिजिक्स शिकवायला लागले. मी गेले तेव्हा त्या शेडची तीन मजली इमारत झाली होती. बांधताना सरांनी इंजिनियरचं काही ऐकलं नव्हतं. खांब इतके जाड, की काही बाकांवरून फळाच दिसायचा नाही. त्या बाकांवरच्या पोरांना सर फीमध्ये सवलत द्यायचे. खांब मात्र पातळ केले नाहीत.

त्यांची अडचण खरी होती. प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरताना ई-मेल पत्ता द्यावाच लागतो. मुखेड, हदगाव, देवणीकडून येणाऱ्या पोरांच्या घरी कुणाचाच ई-मेल नसायचा. म्हणून क्लासनं आमच्याकडून प्रत्येकाला एकेक पत्ता काढून दिला होता. आधी पोराचं नाव, मग @, मग क्लासचं नाव आणि शेवटी आमच्या कंपनीचं. मेल कुणाचाही असो, यायचा क्लासच्या ऑफिसात. तिथं सरांच्या मिसेस सुनंदाताई तो बघून पोराला निरोप द्यायच्या. पासवर्ड विसरला, हॉलतिकीट आलं, ॲडमिशनच्या राउंडची तारीख बदलली, सगळं त्या पत्त्यावर. आणि बंद व्हायची वेळ आली ती नेमकी ॲडमिशनच्या मोसमात.

"पत्ता गेला तर पोराचं वर्ष गेलं," सर म्हणाले. त्यात गंमत नव्हती.

म्हणून ती परीक्षा. तीन कंपन्या. सुनंदाताईंनी फोन लावायचे, सरांनी प्रश्न विचारायचे, मी उत्तर बरोबर का चूक ते सांगायचं.

पहिली कंपनी फुकटची, जगभर सगळे वापरतात ती. तिथं फोन उचलायला माणूसच नव्हता. सरांनी लिहिलं, 'गैरहजर'. तरी सुनंदाताईंनी त्यांच्याकडं पत्ते काढून पाहिले. थोडे पत्ते झाले आणि कंपनीनं दार लावलं. एकाच फोन नंबरवर एवढी माणसं कशी, असा त्यांना संशय आला. त्यांचंही बरोबरच होतं.

दुसरी कंपनी पुण्याची. सेल्सवाला मुलगा फार गोड बोलायचा. सरांनी काहीही विचारलं की म्हणायचा, "होऊन जाईल सर." शेवटी सरांनी विचारलं, "लाईट नसताना मेल येईल का?"

"होऊन जाईल सर."

सरांनी त्याचे सगळे गुण कापले.

तिसऱ्या कंपनीतल्या बाईंना दोन प्रश्न आले नाहीत. "माहीत नाही, विचारून फोन करते," म्हणाल्या. आणि खरंच फोन केला. मी सरांना म्हटलं, हीच घ्या. सपोर्टच्या धंद्यात 'माहीत नाही' म्हणणारा माणूस सापडला की सोडायचा नसतो.

"पण ही तर प्रत्येक पत्त्याचे वेगळे पैसे लावते," सर म्हणाले.

"नाही लागणार. एकच मेलबॉक्स घ्या, कॅच-ऑल चालू करा." कॅच-ऑल म्हणजे पत्त्यावर कुणाचंही नाव असो, पत्र एकाच पेटीत पडतं. क्लासला तेवढंच हवं होतं.

सर खूश झाले. मग मीच विरजण घातलं. नवीन पत्ते मिळतील, पण पोरांच्या फॉर्मवर जुने पत्ते होते. ते बदलायचे तर परीक्षेच्या वेबसाईटवर प्रत्येकाचं खातं वेगळं उघडायचं. त्यासाठी पालकांच्या मोबाईलवर ओटीपीचा नंबर येणार. आणि पालकांनी तर स्वस्त रिचार्ज मिळतो म्हणून निम्मी सिमकार्डं बदललेली.

यावर एकच उपाय होता, आणि तो सोपा होता. पत्ते जुनेच ठेवायचे, फक्त पत्र कुठं पोचवायचं ते बदलायचं. प्रत्येक कंपनीच्या नावामागं इंटरनेटवर एका ओळीची नोंद असते. या नावाचं टपाल अमुक सर्व्हरकडं द्या, असं ती जगाला सांगते. तिला एमएक्स रेकॉर्ड म्हणतात. क्लासच्या नावापुरती ती ओळ बदलून तिसऱ्या कंपनीकडं वळवली, की आमचा सर्व्हर बंद होवो न होवो, पोरांना कळणारही नाही.

ती ओळ बदलायचा पासवर्ड फक्त कोटलवार शेठकडं होता. आणि शेठ नि सर एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण ऐकाल तर हसाल. एकदा क्लासच्या ऑनलाईन टेस्टच्या मधेच नेट गेलं. सर भरवर्गात म्हणाले, "न्यूटनचे नियम तीन. चौथा कोटलवारांचा, गरज असेल तेव्हाच बंद." वर्गातल्या एका मुलीचे काका नांदेडला शेठच्या गल्लीत राहत. संध्याकाळपर्यंत नियम नांदेडात पोचला.

मी नांदेडला येऊन शेठना सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"हाव, करू की. बिरादार सरांना म्हणावं, फोन करा."

पुढच्या खेपेला लातूरला सरांना सांगितलं.

"मी कशाला फोन करू? मी गिऱ्हाईक आहे. त्यांनी करायला पाहिजे."

मी बसनं नांदेड-लातूर करत राहिले. दोघंही माझ्याशी फार प्रेमानं वागायचे. दोघंही चहा पाजायचे. फोन कुणी करत नव्हतं.

असंच एकदा मी लातूरला असताना मुखेडकडून माधवराव आणि त्यांची मुलगी वैष्णवी आले. माणूस शेतकरी, बोलायला कमी. ॲडमिशनसाठी कॉलेजांची पसंती भरायची त्या दिवशी शेवटची मुदत होती, आणि वैष्णवी पासवर्ड विसरली होती. वडलांचा मोबाईल नंबर बदललेला. राहिला ई-मेल. सुनंदाताईंनी 'पासवर्ड विसरला' वर बोट टेकवलं आणि आम्ही मेलची वाट बघत बसलो.

मेल आला नाही. पुन्हा टेकवलं. तरी नाही. वैष्णवी नखं खायला लागली. मी नांदेडला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"शेठ, सर्व्हर चालू आहे ना?"

"कोणता? त्यो मागच्या खोलीतला? काढला की आज."

"काढला? अजून मुदत आहे शेठ. नोटीस आपणच दिलीय."

"पाहुणे येऊन राहिले लग्नाला. खोली पाहिजे. तसंही कोण वापरतं त्याला?"

"कुठं आहे तो आता?"

"टेम्पोत हाय. भंगारवाला आलाय."

मी त्यांना वैष्णवीचं सांगितलं. शेठ नरम आवाजात म्हणाले, "सर हायत का तिथं? दे त्यांना."

मी फोन सरांपुढं धरला. सरांनी हात पुढं केला, मग मागं घेतला. सुनंदाताई त्यांच्याकडं अशा बघत होत्या, की मीच घाबरले. तेवढ्यात माधवराव उठले. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. कोणाचं कोणाशी वाकडं आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"नमस्कार शेठ. मी मुखेडकडून आलोय. माझ्या पोरीचं टपाल तुमच्या टेम्पोत अडकलंय म्हणतेत. तेवढं उतरवून द्या. लई उपकार होतील."

 पलीकडं शेठ कुणावर तरी ओरडले, "ए, थांब, थांब. गाडी सुरू करू नको."

खोलीत गाद्या पडल्या होत्या, म्हणून सर्व्हर व्हरांड्यात स्टुलावर ठेवला. शेठनी स्वतः वायरी लावल्या. केबलचा माणूस, हाताला सवय होती. मी फोनवरून सांगत होते, निळी इकडं, काळी तिकडं. पंखा घुरघुरायला लागला तो मला लातुरात ऐकू आला. सुनंदाताईंनी पुन्हा एकदा बोट टेकवलं. थोड्या वेळानं मेल आला. वैष्णवीनं नवा पासवर्ड टाकला आणि आधी वडलांच्या डायरीत लिहून घेतला.

ती पसंती भरत होती तेव्हा मी म्हटलं, आता शेठ फोनवर आहेतच, तर ती ओळही बदलून घेऊ.

शेठनी पासवर्ड सांगितला. मी टाकला. कंपनीचं नाव जिथं नोंदवलं होतं ती वेबसाईट म्हणाली, मालकाची खात्री करायची आहे, तुमच्या ई-मेलवर एक नंबर पाठवलाय.

"शेठ, हा ई-मेल कोणता दिलाय तुम्ही?"

"माझाच की. आपल्या कंपनीचा."

 शेठना कळायला जरा वेळ लागला. त्यांच्या स्वतःच्या कंपनीच्या नावाची किल्ली ज्या ई-मेलवर येत होती, तो ई-मेल थोड्या वेळापूर्वी भंगारात निघाला होता. टेम्पो गेला असता, तर इंटरनेटवरच्या त्या नावाचं दरसालचं नूतनीकरण करायलासुद्धा शेठ कुणाकुणाच्या पाया पडत फिरले असते. क्लासचं सोडाच, आमचंच दुकान बसलं असतं.

"म्हणजे," शेठ हळूच म्हणाले, "त्या मुखेडवाल्यानं मलाच वाचवलं की."

सर शेजारी उभे राहून सगळं ऐकत होते. त्यांच्या ओठांवर एक वाक्य आलेलं मला स्पष्ट दिसलं. शिक्षक माणूस, असं वाक्य गिळणं किती अवघड असतं. पण त्यांनी ते गिळलं. फोन घेतला आणि म्हणाले, "कोटलवार साहेब, बिरादार बोलतोय. लग्न कुणाचं आहे?"

"पुतणीचं. तुम्ही यायचं हां सर. पत्रिका पाठवतो."

"पाठवा. ई-मेलनं नको."

दोघंही हसले. मी मधल्या वेळात शेठच्या मेलमध्ये आलेला नंबर टाकला, ओळ बदलली आणि शेठच्या खात्यावरचा ई-मेल पत्ताही बदलून बाहेरचा दिला. असा बदल जगभर पोचायला काही तास लागतात. तोवर सर्व्हर स्टुलावरच चालू राहिला. लग्नाच्या पाहुण्यांनी त्यावर पानाचा डबा ठेवला होता, असं नंतर कळलं.

त्या मोसमात क्लासच्या एकाही पोराचा मेल हरवला नाही. वैष्णवीला नांदेडात फिजिओथेरपीला ॲडमिशन मिळाली. पुढच्या बॅचच्या आधी सरांनी इंटरनेटवर क्लासचं स्वतःच्या मालकीचं नाव, म्हणजे डोमेन, विकत घेतलं, आणि मेलबॉक्स त्या तिसऱ्या कंपनीकडंच ठेवला. सर लग्नाला गेले. तिथं नेट चालत नव्हतं म्हणे, पण ते काही बोलले नाहीत.

आता माझं स्वतःचं छोटं ऑफिस आहे. लोक विचारतात, मॅडम, ई-मेल कुठल्या कंपनीचा घ्यावा? मी सांगते, कुठलाही घ्या. फुकटचा, पैशाचा, पुण्याचा, परदेशातला. कंपन्या येतात, जातात, धंदा बदलतात, त्यांच्याही घरी लग्नं निघतात. फक्त @ च्या पुढचं नाव आपल्या मालकीचं असू द्या, म्हणजे कंपनी बदलली तरी पत्ता बदलत नाही. आणि त्या नावाची किल्ली जिथं येते, तो पत्ता त्याच नावाचा ठेवू नका. लोक मान हलवतात, मग विचारतात, "बरं, पण फुकटात कोण देतं?"