विजेच्या पाळतीवर

माझा नवरा शांत बसलेला कुणी पाहिला असेल, तर त्याने मला येऊन सांगावं. घराच्या पुढच्या खोलीत तो मिक्सर नि पंखे दुरुस्त करतो. मी मोबाइलच्या टॉवरवर चढून अँटेना बसवते. मागच्या वर्षी माझ्या कामावरच्या एका जोडीदाराच्या टॉवरवर वीज पडली. तो वाचला, पण दोन्ही कान गेले. तेव्हापासून मी कामाला निघाले की नवऱ्याच्या पायाला भिंगरी लागते. दार, खिडकी, गच्ची, पुन्हा दार.

शेवटी त्याने विजेची चाहूल घेणारं यंत्र करायला घेतलं. वीज चमकली की जुन्या रेडिओवर खरखर येते ना, तीच पकडायची. वीज लांब पडली तरी तिच्या लहरी लगेच पोचतात, गडगडाट मागून रखडत येतो. त्याने खिडकीबाहेर लांब तार सोडली, तिला वेटोळं, ट्रान्झिस्टर नि बॅटरी जोडली. खरखर आली की बझर किंचाळायचा.

पहिल्याच दिवशी फोन. “अगं, उतर! आत्ताच्या आत्ता!”

धापा टाकत उतरले, तर आभाळ स्वच्छ. मुकादम म्हणाला, “काय ताई, घरी दूध उतू गेलं का?”

दुसऱ्या दिवशी तेच. मुकादमाने दम भरला, पुन्हा अशी उतरलीस तर कामावरून काढीन. घरी येऊन बघते तर काय, यंत्राशेजारीच मिक्सर फिरत होता, आणि त्याच्या मोटारीतल्या ठिणग्यांनाच ते शहाणं वीज समजत होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा! माझं डोकंच फिरलं.

“पुन्हा फोन केलास तर उचलणार नाही!”

 

पुढच्या आठवड्यात मी वर असताना फोन वाजला. लख्ख ऊन होतं, मुकादम खालून बघत होता. उचलायचा नव्हता, तरी उचलला.

“उतर.”

मी शिवी हासडणार, इतक्यात लक्षात आलं, मागे काहीच वाजत नाहीये. ना मिक्सर, ना पंखा.

“काम बंद आहे?”

“तू चढलीस की मेन स्विच पाडतो. आठवडा झाला. गिऱ्हाइकं शिव्या घालतायत. उतर ना गं.”

फोन चालूच ठेवून खिशात टाकला आणि उतरले.

“उद्यापासून येऊ नकोस,” मुकादमाने सुरुवात केली, तोच टेकडीमागून गडगडाट आला. तो आभाळाकडे बघत टॉवरपासून लांब सरला.

फोन कानाला लावला. पलीकडे चपला फटफटत होत्या, दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत.

“पोचले खाली,” मी म्हणाले.

चपला थांबल्या.